रोजा सुटल्यावर

फजरची नमाज आटोपून नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ तलावाभोवती फिरायला आम्ही पाचसहा जण जातो. ‘जातो’ म्हणणे जरा धाडसाचेच आहे. रमजान ईदनंतरच्या पहिल्या आठवड्यात सगळे असतात. बकरी ईद येईपर्यंत दोघे उरतात. आम्हांला छळणारा प्रश्न इथूनच सुरू होतो.

हीच माणसे रमजानमध्ये तेरा-चौदा तास पाण्याचा थेंबही घेत नाहीत. हार्बर लाइनच्या गर्दीत घामाघूम होऊन येतात, स्टेशनबाहेर वडे तळले जात असतात, तरी मन डळमळत नाही. आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी, खिशात साखरेचा रिपोर्ट असूनही, बिर्याणीला तिसऱ्यांदा हात घालतात. मनोनिग्रह आमच्याकडे आहे की नाही? असेल, तर शव्वालचा चाँद दिसताच तो जातो कुठे?

‘रमजानमध्ये अल्लाहचा हुकूम असतो’ हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे दिले. पण ते पुरत नाही. शरीर ही अमानत आहे, ती काही एका महिन्यापुरती नव्हे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही पैगंबरांची शिकवण बाराही महिन्यांची आहे. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ मध्ये सांगितले. त्यांतले किती आपल्या दस्तरखानावर बसलेले आहेत, हे मोजायला आम्हांला पाहणीची गरज वाटत नाही.

आम्हांला वाटते ते असे. रोज्यात निर्णय एकदाच घ्यायचा असतो. नियत झाली की प्रश्न मिटला. दिवसभर मनाशी हुज्जत नाही. शेवटही आपण ठरवत नाही, मगरिबची अजान ठरवते. उरलेल्या अकरा महिन्यांत ‘आता पुरे’ सांगणारी अजान नाही. आणखी एक रोटी घ्यावी की नको, याचा निवाडा प्रत्येक घासाला करायचा आणि न्यायाधीश कोण, तर खुद्द आरोपी! मुळीच न खाणे सोपे, बेताने खाणे कठीण. आपण सोप्या परीक्षेत पास होऊन कठीण परीक्षेचा दाखला मागतो.

इमाम गझालींना हे नऊशे वर्षांपूर्वीच दिसले होते. दिवसभराची कसर लोक इफ्तारला भरून काढतात, एरवी खात नाहीत इतके जिन्नस रमजानमध्ये खातात, अशी तक्रार त्यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये केली आहे. भजी आणि फालुद्याने सजलेले आपले दस्तरखान त्यांनी पाहिले नाही, एवढेच! पण त्याच ग्रंथात ते धीरही देतात: सुंदर अक्षर काढायचे तर आधी मुद्दाम, कष्टाने गिरवावे लागते, मग ते हाताचा स्वभाव होते.

गिरवायचे किती दिवस? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका अभ्यासात (२०१०) नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला कितीतरी जास्त. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडलेही नाही. रमजान २९ किंवा ३० दिवसांचा. म्हणजे ईदला आपण अर्ध्या वाटेवर असतो आणि समजतो की पोहोचलो.

आम्ही ज्या तलावाभोवती फिरतो, तोही शोभेसाठी केलेला नाही. खाडीकाठच्या सखल जमिनीवर शहर वसवताना सिडकोने ठिकठिकाणी असे धारण तलाव केले. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून झडपा बंद होतात, पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की ते बाहेर जाते. भरतीशी कुणी भांडत बसत नाही. भुकेच्या नव्हे, पण हावेच्या भरतीचेही बहुधा तसेच असते. पंधरा-वीस मिनिटे कळ काढली की ती ओसरते. आता आम्ही ताट एकदाच वाढून घेतो आणि किती घ्यायचे ते बसण्याआधीच ठरवतो. पाहुणे गेल्यावर मात्र ‘एक और लो’ म्हणणाऱ्या भाभीजानचे मन मोडायचे कसे, हे कोडे अजून सुटलेले नाही. तिथे नाही म्हणणे हा संयम, की उद्धटपणा? आम्ही अजून बहुतेक वेळा खातोच.

हे सगळे आमच्या घरी मोठ्या तोऱ्यात चालले असताना एक आपा म्हणाल्या, “सहरीला तीन वाजता कोण उठतं? तुमच्या नफ्सच्या तालमीला रोट्या आम्ही भाजायच्या. आमच्या गुडघ्यांना फिरायला कोण नेणार?” आमच्यातला कुणीच काही बोलला नाही. ज्या मनोनिग्रहाचे आम्ही गोडवे गात होतो, त्याचा अर्धा भार दुसऱ्याच्या झोपेवर होता. स्वतःच्या शरीराची अमानत राखताना दुसऱ्याच्या अमानतीत खयानत होत होती, आणि तिला आम्ही इबादत म्हणत होतो.

त्यानंतर इशा झाली की आम्ही घरातल्या सगळ्यांसह आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर निघतो. रात्रीची भांडी आधी सगळ्यांनी मिळून उरकायची, अशी अट आपांनी घातली आहे. बायका भरभर चालतात. आम्ही पहिल्या वळणालाच मागे पडतो.