बरणीतल्या माणसाचा वारस कोण?

भारतातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात संग्रहालय असावेच लागते. शरीररचनाशास्त्राचे, विकृतिशास्त्राचे, न्यायवैद्यकाचे अशी वेगवेगळी दालने असतात आणि मान्यतेच्या तपासणीत ती पाहिली जातात. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली सुरू झाले. जुन्या शहरातला माणूस आजारी पडला की मोर्णा नदीवरचा पूल ओलांडून तिथल्या सर्वोपचार रुग्णालयात जातो. त्याच आवारात अशी दालने असतात हे मात्र त्याला सहसा ठाऊक नसते, कारण ती विद्यार्थ्यांसाठी राखलेली असतात.

विद्यार्थी तिथल्या बरण्यांना ‘पॉट’ म्हणतात. काचेची किंवा पर्स्पेक्सची चौकोनी पेटी, आत स्वच्छ द्रव आणि पट्टीला दोऱ्याने बांधलेला अवयव. अवयव आधी फॉर्मालिनच्या द्रावणात मुरवतात, मग अल्कोहोलमध्ये त्याचा गेलेला रंग बराचसा परत आणतात आणि शेवटी ग्लिसरीनच्या द्रावणात कायमचा ठेवतात. कायझरलिंग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेली ही रीत आजही चालते. काम नीट झाले असेल तर सिऱ्होसिसने गाठाळलेले यकृत किंवा क्षयाने पोखरलेले फुप्फुस कित्येक दशकांनीही जसेच्या तसे दिसते. बाहेरच्या चिठ्ठीवर क्रमांक, अवयवाचे नाव आणि निदान असते. माणसाचे गाव, त्याचा धंदा, तो दवाखान्यात किती उशिरा आला आणि का, यातले काहीही नसते.

ज्या काळात क्ष-किरण नव्हते, सीटी स्कॅन नव्हता, त्या काळात डॉक्टर घडवण्याचा हाच मार्ग होता. फुप्फुस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छातीवर कान ठेवून काही कळत नसे. या संग्रहांनी असंख्य जीव वाचवले आहेत, हे मी मनापासून मानतो. पण आता पडद्यावर त्रिमितीत अवयव फिरवून पाहता येतो, १९७७ साली हायडेलबर्गमध्ये निघालेल्या प्लॅस्टिनेशनमुळे कोरडे, हाताळता येणारे नमुने मिळतात, आणि निदानासाठी होणारी शवविच्छेदने पुष्कळ कमी झाल्याने नवे पॉट फारसे तयार होत नाहीत. शिकवण्याची गरज जसजशी ओसरते, तसतसा इतकी वर्षे मागे ठेवलेला प्रश्न पुढे येतो. हा अवयव कोणाचा, आणि तो इथे ठेवायला कोणी हो म्हटले होते?

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाने मोठी संग्रहालये हलवली. १७८३ मध्ये वारलेल्या चार्ल्स बर्न या साडेसात फुटांहून उंच आयरिश तरुणाने आपला देह समुद्रात सोडावा अशी इच्छा सांगितली होती. शल्यविशारद जॉन हंटरने तो देह मिळवला आणि तो सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात दोन शतके उभा राहिला. २०२३ मध्ये संग्रहालय नव्याने उघडले तेव्हा तो दालनातून काढला, पण संशोधनासाठी जपून ठेवला. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, लंडनच्याच वेलकम कलेक्शनने संस्थापकाच्या संग्रहाचे जुने दालन बंद केले, कारण ते जगाकडे साम्राज्याच्या नजरेने पाहत होते. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयातही मानवी अवशेषांचा फेरविचार सुरू झाला आणि त्यावरून कडाक्याचे वाद झाले.

हे वाद मोलाचे आहेत, पण आपण त्यांची नक्कल करून दालने झाकली तर आपले उत्तर मिळणार नाही. आपल्याकडे प्रश्नाचे मूळ वेगळे आहे. मुंबई प्रांतात १९४९ साली शरीरशास्त्र अधिनियम झाला. रुग्णालयात वारलेल्या ज्या माणसाचा देह ठरावीक मुदतीत कोणी नातलग मागत नाही, तो महाविद्यालयांना शिक्षणासाठी देता येतो. म्हणजे ज्याला कोणी नव्हते, त्याच्या देहावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. तो स्टेशनवर झोपणारा असेल, हंगामी मजूर असेल, घरच्यांनी टाकून दिलेली बाई असेल. आता लोक स्वेच्छेने देहदान करतात, घरची मंडळी देह हाताने सोपवतात, ही फार चांगली गोष्ट झाली. पण जुन्या बरण्यांतली माणसे या देहदानाच्या काळातली नाहीत.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव शरीररचनेच्या विद्यार्थ्यांना माहीत असते, कारण ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रे त्यांची. तो ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १८५८ मध्ये, ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे त्यांनी कुष्ठरोग आणि ‘मदुरा पाय’ यांवर ग्रंथ लिहिले. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायात काटा रुतून बुरशी शिरते आणि पाय सुजून त्याला छिद्रे पडतात, तो हा आजार. कार्टर यांची चित्रे जगभर गेली, पण ते पाय ज्यांचे होते ते शेतकरी कुठेच पोचले नाहीत. त्याच शतकाच्या अखेरीस, १८९० मध्ये, म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी मुंबईत कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान काढले. त्यातूनच झालेल्या वडाळ्याच्या रुग्णालयात आज कुष्ठरोगाचे संग्रहालय आहे. तिथला विषय जंतूपुरता उरत नाही. समाजाने बाहेर काढलेल्या माणसांचा होतो.

वऱ्हाडाला तर अशा संग्रहासाठी मुंबईकडे पाहायचीही गरज नाही. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे दाजीसाहेबांनी, कुष्ठरुग्णांची वसाहत उभी केली. तिथल्या इतिहासाची साधने म्हणजे बधिर तळव्यांना जखम होऊ नये म्हणून केलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल, झडलेल्या बोटांना धरता यावे म्हणून मूठ जाड केलेले अवजार, आणि ‘बरा झाला’ अशी नोंद होऊनही घरी परत न गेलेल्या माणसाचा केसपेपर. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यांतून २०१९ मध्ये निघाले. औषध त्याआधी कित्येक दशके मिळत होते. ही तफावत बरणीतल्या नमुन्यातून कधीच समजणार नाही. ती चपलेतून आणि केसपेपरातून समजते.

वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आता ज्यांचा कोणी वारस नव्हता त्यांचे वारस व्हावे, असे माझे ठाम मत आहे. जुने नमुने शिकवण्यासाठी ठेवावेत, पण ज्या नोंदवह्यांतून ती माणसे शोधता येतील त्या शोधाव्यात आणि चिठ्ठीवर आजाराच्या शेजारी माणसाला जागा द्यावी. नाव नको. रुग्णाचा खासगीपणा मेल्यानंतरही त्याचाच असतो. लहान गावात वय आणि धंदा एवढ्यावरूनही घर ओळखू येते, म्हणून नातलग सापडत असतील तर आधी त्यांना विचारावे आणि त्यांनी नको म्हटले तर ऐकावे.

आणि बेवारस माणसाचे वारस होणे अकोल्याला शिकवायला कोणी बाहेरून यायला नको. २०२० मध्ये बैदपुऱ्यासारख्या दाट वस्त्यांत कोरोना शिरला, तेव्हा भीतीने काही घरांनी आपल्या माणसाचा देह ताब्यात घेतला नाही. त्या वेळी इथल्या कच्छी मेमन जमातीचे कार्यकर्ते पुढे झाले आणि त्यांनी हिंदू मृतांनाही त्यांच्या धर्माच्या रीतीने अग्नी दिला. १९४९ चा कायदा ज्याला हक्क न सांगितलेला देह म्हणतो, त्या देहावर या शहराने माणुसकीने हक्क सांगितला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल लागली तीही अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात. देशाच्या वैद्यकीय इतिहासातले हे पान वऱ्हाडात लिहिले गेले, आणि ते सांगणारे लोक हयात आहेत. स्मशानातले कर्मचारी आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, ऑक्सिजनचे सिलिंडर रात्रभर वाहणारे आहेत. जुन्या शहरात दंडावर देवीच्या लसीचा वण असलेली माणसेही आहेत. देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा, असे भिंतींवर रंगवलेले त्यांतल्या अनेकांना आठवते. त्यांचे बोलणे आज ध्वनिमुद्रित करायला इमारतही लागत नाही. महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यक विभागाने आणि शहरातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी मिळून ठरवले तर राजराजेश्वर मंदिराच्या परिसरातल्या घरांपासून सुरुवात करता येईल.

कागदांच्या बाबतीत मात्र वेळ थोडा आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायला सांगतात. त्या हिशेबाने २०२० च्या उन्हाळ्यातल्या केसपेपरांची मुदत २०२३ मध्येच संपली. सरकारी दवाखान्यांत कागद त्याहून जास्त काळ पडून राहतात, पण जपण्याचा निर्णय झालेला नसेल तर एखाद्या साफसफाईत ते गठ्ठे रद्दीत जायला एक सही पुरते. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून कोरोनाकाळातल्या नोंदवह्या कायमच्या जतनासाठी वेगळ्या काढाव्यात, ठरावीक वर्षे त्या बंद ठेवाव्यात, आणि हा निर्णय लेखी करावा. अवयवांच्या बरण्यांसाठी नियम आहे, खोली आहे, निगा राखणारा माणूस आहे. या वह्यांसाठी यातले काही ना काही याच वर्षी उभे राहिले पाहिजे.