झाकून ठेवलेले पुस्तक



गेल्या महिन्यात कुटुंबभेटीसाठी एका घरी गेलो होतो. दुपारचे साडेतीन झाले असतील. घरच्या बाई ओटीवर एकट्याच बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी मांडीवरची एक वस्तू चटकन उचलली आणि शेजारच्या वाळलेल्या कपड्यांखाली सरकवली. "या फादर, बसा," म्हणत त्या पाणी आणायला आत गेल्या. कपड्यांमधून पुस्तकाचा कोपरा बाहेर डोकावत होता. वाचनालयाचा शिक्का असलेली, पाने सुटत आलेली एक कादंबरी होती ती.

"पुस्तक का लपवलंत?" मी गमतीने विचारले. त्या ओशाळल्या. "काम सगळं आटोपूनच बसले होते, फादर." थोडे थांबून म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होता ना प्रवचनात, वेळ ही देवाची ठेव आहे, ती वाया घालवू नये म्हणून. तेव्हापासून पुस्तक हातात घेतलं की चोरी केल्यासारखं वाटतं."

मला ते प्रवचन आठवले. माझा रोख रात्ररात्र मोबाइलवर बोटे फिरवणाऱ्यांवर होता. पण बोलण्याच्या भरात 'ज्यातून काही निष्पन्न होत नाही ते सारे व्यर्थ' असे काहीसे मी म्हणून गेलो. बाण भलत्यालाच लागला. घरातले सर्वांचे सर्व करून अर्धा तास स्वतःसाठी काढणाऱ्या एका माउलीचा आनंद मी हिरावून घेतला. म्हणून आजचे हे चिंतन. निव्वळ आनंदासाठी वाचणे-लिहिणे यात काही चांगुलपण आहे का? की तो फक्त रिकाम्या वेळेचा चाळा आहे?

आपल्याला प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारण्याची सवय लागली आहे. मुलाच्या हातात गोष्टीचे पुस्तक दिसले की आपण विचारतो, "हे परीक्षेला आहे का?" संत ऑगस्टीन यांनी एक मोलाचा भेद सांगितला आहे. काही गोष्टी वापरायच्या असतात, तर काही आस्वादायच्या. पूर्ण अर्थाने आस्वाद घ्यावा असा एक परमेश्वरच, असे त्यांचे मत होते. तरीही हा भेद आपल्या रोजच्या जगण्यात डोळे उघडणारा आहे. जो सगळेच फक्त वापरतो, तो हळूहळू माणसांनाही वापरू लागतो.

यात मी स्वतःलाही वगळत नाही. गेली कित्येक वर्षे मी पुस्तक उघडतो ते हातात पेन्सिल घेऊनच. रविवारच्या प्रवचनासाठी एखादा दृष्टान्त मिळतो का, एवढेच पाहतो. विहिरीवर जावे, बादली भरावी आणि परतावे, पण स्वतः ओंजळभर पाणी कधी प्यायचेच नाही, अशी ही गत आहे. त्या बाईंचे वाचन माझ्या वाचनापेक्षा निर्मळ होते, हे मला त्या ओटीवर उमगले.

तेराव्या शतकातले थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विनोद यांचा विचार करताना एक जुनी गोष्ट सांगितली आहे. संत योहान आपल्या शिष्यांसोबत खेळताना दिसले, तेव्हा काहींना ते खटकले. त्यांच्यातल्या एकाच्या हाती धनुष्य होते. योहान यांनी त्याला बाण मारायला सांगितले. त्याने अनेक बाण मारले. "असेच सतत मारत राहशील का?" असे विचारल्यावर तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहान यांनी सांगितले. थॉमस यांच्या मते शरीराला जशी विश्रांती हवी, तशी मनालाही हवी, आणि मनाची विश्रांती म्हणजे आनंद.

पण इथे एक शंका उरते. आनंद प्रत्येकच चांगला असतो का? पुस्तकात तोंड खुपसून बसलेला माणूस शेजारच्या खोलीतल्या आजारी आईची हाक टाळतही असेल. तरुणपणी महाकाव्यातल्या डायडो राणीच्या मृत्यूवर आपण रडलो, पण स्वतःच्या जीवनाची झालेली दैना मात्र आपल्याला रडवू शकली नाही, अशी कबुली ऑगस्टीन यांनीच दिली आहे. कथेतल्या दुःखावर ढाळलेले अश्रू सोपे असतात, कारण ते दुःख आपल्याकडे काही मागत नाही. ही शंका खरी आहे. ती झटकून टाकू नये.

त्याच ऑगस्टीन यांनी आणखी एक आठवण लिहून ठेवली आहे. मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांच्याभोवती दिवसभर अडलेल्या-नडलेल्या लोकांची गर्दी असे. त्यातून जो थोडा वेळ मिळे, त्यात ते शरीराला अन्न देत आणि मनाला वाचन. ते मनातल्या मनात वाचत. डोळे पानावरून फिरत, पण ओठ हलत नसत. त्यांच्याकडे कुणालाही थेट आत जाण्याची मुभा होती. ऑगस्टीन आणि इतर जात, त्यांना वाचताना पाहत, काही वेळ गप्प बसत आणि न बोलता निघून जात.

मला या चित्रातली एक गोष्ट फार भावते. पुस्तक उघडे होते आणि दारही उघडे होते. वरच्या शंकेचे उत्तर यातच आहे, असे मला वाटते. वाचताना आपण काय करतो? आपण एका अनोळखी माणसाला मध्ये न तोडता बोलू देतो. त्याचे म्हणणे पटले नाही तरी वाक्य संपेपर्यंत थांबतो. ही सवय पुस्तकापुरती राहिली तर वाचन म्हणजे पळवाट. पण पुस्तक मिटल्यावर नवऱ्याचे, सुनेचे, शेजाऱ्याचे बोलणेही आपण तसेच पुरते ऐकू लागलो, तर तो आनंद पुण्याच्या बाजूचा आहे. कसोटी एवढीच: पुस्तक खाली ठेवल्यावर दार उघडे आहे ना?

आता लिहिण्याविषयी. चहा झाल्यावर त्या बाईंनी संकोचत एक वही दाखवली. पुढून दुधाचा हिशेब आणि मागून पेन्सिलने लिहिलेल्या चार-सहा ओळींच्या नोंदी. त्यांच्या परवानगीने एकच सांगतो. जाऊबाईंशी त्यांचे भांडण झाले होते. "दोनदा लिहिलं तेव्हा सगळी चूक त्यांचीच होती, फादर. तिसऱ्यांदा लिहिताना मी काय बोलले तेही लिहावं लागलं." त्यानंतर त्या जाऊबाईंकडे गेल्या. भांडण पुरते मिटले नाही, पण बोलणे सुरू झाले.

लिहिलेली अक्षरे मुकी असतात, त्यांना प्रश्न विचारला तर ती उत्तर देत नाहीत, अशी तक्रार प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस करतो. तक्रार रास्त आहे. पण त्या मुकेपणाचा एक गुणही आहे. मैत्रिणीला सांगितले तर ती आपल्या 'हो'ला 'हो' करते. कागद तसे करत नाही. आपलेच शब्द आपल्यासमोर ठेवून तो गप्प बसतो.

लिहिण्यासाठी फार शिकलेले असावे लागते असेही नाही. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर पतीने अक्षरओळख करून दिली. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. १९३० च्या दशकात त्यांची 'स्मृतिचित्रे' आली. त्यात स्वयंपाकघर आहे, रुसवेफुगवे आहेत, स्वतःची फजिती आहे. रोजचेच जगणे, पण लबाडी न करता पाहिलेले. म्हणून ते आजही वाचले जाते.

तेव्हा माझे ते वाक्य मी मागे घेतो. दिवसातली १५ मिनिटे वाचा, चार ओळी लिहा. घरातल्या पुरुषांनो, ती १५ मिनिटे घरच्या बाईला मिळावीत म्हणून चहाचे आधण तुम्ही ठेवा. आणि पुढच्या कुटुंबभेटीला मी आलो आणि तुम्ही वाचत असलात, तर पुस्तक लपवू नका. उठूही नका. मी थोडा वेळ गप्प बसेन.

आपला,
धर्मगुरू