दुःखाला जात विचारावी काय?

तुकोबारायांची पालखी दौंड तालुक्यात यवत, वरवंडला मुक्कामी येते, तेव्हा आम्ही एकमेकांच्या पाया पडतो. कोण कुठला ते विचारत नाही. पण पालखी पुढे गेली की? शिरूर-दौंडकडच्या एखाद्या बागाईतदाराचा मुलगा रात्र रात्र जागू लागला, एकटाच बडबडू लागला, तर आम्ही म्हणतो, "पोराच्या मनाला काहीतरी झालंय, दवाखान्यात न्या." तेच पारध्याच्या पालावरचा पोरगा करू लागला की, "प्यालाय, नाहीतर चोरीचा बेत दिसतोय." एकाला डॉक्टर, दुसऱ्याला पोलीस. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला. आमच्या तोंडातून मात्र गेला नाही.

मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात, सरकारी उपचार देताना जात, धर्म, वर्ग यांवरून भेद करू नये असे स्पष्ट लिहिले आहे. उत्तम झाले. परंतु भेद दवाखान्याच्या कितीतरी अलीकडे, आजारी कोणाला म्हणायचे इथेच होऊन जातो! शिवाय येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे दार सर्वांना उघडे, हे खरे. पण शिरूरहून तिथवर जायचे तर मजुराचा अख्खा रोज बुडतो, सोबत्याचाही बुडतो, आणि औषध तर महिनोन् महिने चालते. दार सारखे ठेवले म्हणजे न्याय झाला काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याचा रोज बुडतो त्याच्या वस्तीपर्यंत औषधानेच चालत गेले पाहिजे.

२०२२ पासून १४४१६ या नंबरावर मनाच्या दुखण्यासाठी सरकारी सल्ला फुकट मिळतो. तो पालावर कोणी सांगितला आहे काय? आम्हीही सांगितला नव्हता.