जखऱ्याची पाटी

जखऱ्याची वाचा बंद होती. आप्तेष्ट बाळाला बापाचेच नाव देऊ पाहत होते. अखेर त्यांनी त्यालाच खुणांनी विचारले. त्याने पाटी मागवली आणि 'योहान' हे नाव लिहिले (लूक १:५९-६३). वाचा नव्हती, पण मत होते.

स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू न शकणारी मुले व प्रौढ आपल्यातही असतात. त्यांची पाटी आता मोबाईलवर आली आहे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या 'जेलो' या मोफत अ‍ॅपमध्ये चित्रावर बोट ठेवले की फोन बोलतो. त्यात 'आवडते', 'हो' यांच्या जोडीला 'आवडत नाही', 'नाही' यांचीही बटणे आहेत.

त्यांचे 'हो' आपल्याला गोड वाटते. 'नाही' आले की आपण त्याला हट्ट म्हणतो. परंतु ज्याला नकार देता येत नाही, त्याचा होकार त्याचा स्वतःचा कसा म्हणावा? देवाने इच्छास्वातंत्र्य फक्त बोलणाऱ्यांना दिलेले नाही. आपण त्यांच्या वतीने बोलतो ते प्रेमापोटीच. पण प्रेमाला थांबताही आले पाहिजे.

बंधुभगिनींनो, मिस्सानंतर अशी व्यक्ती भेटली तर तिच्या आईला नव्हे, तिलाच विचारू या. आणि तिचे बोट चित्रापर्यंत पोहोचेपर्यंत वाट पाहू या.