आधी कोणाला सांगितलंस?

'निवासी' हा शब्द मराठी वाचकाला भेटतो तो बहुधा संपाच्या बातमीत. मार्डने संप पुकारला, निवासी डॉक्टर कामावर नाहीत, ओपीडीत रांगा लागल्या. रुग्णालयातच राहणारा तो निवासी, हा मूळ अर्थ बातमी वाचताना कुणाच्या डोक्यात येत नाही. पण क्वार्टरची खोली, मेसचं जेवण, रात्रीची ड्युटी, वरच्या वर्षाच्या सरांची बोलणी आणि या सगळ्यातून अंगात मुरत जाणारं डॉक्टरपण त्या एका शब्दात मावलेलं आहे. निवासी फार्मासिस्ट मात्र आपल्याकडे कुणी ऐकलेला नसतो. फार्मसी शिकलेल्या मुलाला नातेवाईक एवढंच विचारतात, "मग, मेडिकल कधी टाकतोयस?"

मी फार्म.डी. या फार्मसीच्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या मुलांना वॉर्डात शिकवते. शिकवायला लागले तेव्हा प्रशिक्षण म्हणजे काय, याबद्दल मला शंका अशी नव्हतीच. वेळापत्रक नीट लावायचं, केसेस भरपूर द्यायच्या, प्रेझेंटेशन कडक घ्यायचं. एका दुपारी हे चित्र बिघडलं.

शेवटच्या वर्षाचा एक मुलगा, जळगावकडचा, हुशार, अक्षर मोत्यासारखं. त्याने केस मांडली. अडुसष्ट वर्षांच्या आजी, वजन ४५ किलो, पायात रक्ताची गुठळी. रक्त पातळ ठेवायला एनॉक्झापॅरिनची इंजेक्शनं दिवसातून दोनदा चालू. क्रिएटिनिन २.१. त्याने वय, वजन, क्रिएटिनिन घालून किडनीचा हिशेब काढला होता, तो मिनिटाला १८ मिलिलिटरच्या आसपास येत होता. तीसच्या खाली गेलं की हे इंजेक्शन दिवसातून एकदाच द्यायचं असतं, नाहीतर औषध अंगात साठतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे त्याने स्लाइडवर लाल अक्षरात लिहिलं होतं. बाकीची मुलं वहीत उतरवून घेत होती. मी खूश होते.

"कधी लक्षात आलं तुझ्या?"

"सकाळी, मॅडम. नऊ वाजता, केस पेपर बघताना."

"मग आधी कोणाला सांगितलंस?"

तो गोंधळला. "मॅडम, प्रेझेंटेशन दुपारी होतं ना."

आजींना सकाळचा डोस मिळून गेला होता. मी वॉर्डात फोन केला, संध्याकाळचा थांबला, पुढे काही वाईट घडलं नाही. त्या मुलावर मी चिडले होते. रात्री घरी वेळापत्रक काढून बघितलं आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. त्यात केस गोळा करण्याला गुण होते, मांडणीला होते, संदर्भांना होते. नऊ वाजता निवासी डॉक्टरला गाठून "हा डोस बघता का" असं म्हणण्याला एकही गुण नव्हता. वेळापत्रक मीच लावलं होतं. मुलाने त्याप्रमाणेच केलं होतं.

त्यानंतर मी रेसिडेन्सी या कल्पनेचा इतिहास जरा वेगळ्या नजरेने वाचायला लागले. प्रत्येक टप्प्यावर मनात एकच प्रश्न: या काळात शिकणाऱ्या फार्मासिस्टने कोणाला सांगणं अपेक्षित होतं?

शब्द डॉक्टरांचाच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ पासून ऑस्लर आणि हॉलस्टेड यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून शिकवण्याची जी पद्धत रुळवली, तिथून तो जगभर गेला. फार्मसीत तो उशिरा आला, आणि सुरुवातीला तर वेगळ्याच नावाने. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बरमधल्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी नावाच्या मुख्य फार्मासिस्टने १९२७ मध्ये पदवीधरांसाठी इंटर्नशिप सुरू केली. रुग्णालयाची फार्मसी तेव्हा छोटा कारखानाच असे. मलमं घोटायची, मिश्रणं बनवायची, द्रावणं भरायची, शिवाय खरेदी, साठा आणि हिशेब. मुलाने शिकायचं ते हे सगळं, आणि सांगायचं मुख्य फार्मासिस्टला. बरणीवर चिठ्ठी लागली की काम संपलं. वर कुणाला ते औषध दिलं गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्या प्रशिक्षणात बसतच नव्हता. याला मी दोष देत नाही. चांगले खातेप्रमुख तयार करायचे होते आणि ते तयार झाले. व्हिटनी पुढे, १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या नव्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले आणि त्याच संघटनेने १९४८ मध्ये अशा इंटर्नशिपसाठी पहिली मानकं लिहिली.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संघटनेने या कार्यक्रमांना मान्यता देण्याची रीतसर पद्धत बसवली आणि नाव बदलून रेसिडेन्सी केलं. कारण व्यवहारातलं होतं. परवान्यासाठी जे तास भरावे लागत त्यांनाही इंटर्नशिपच म्हणत, आणि दोन्हींची गल्लत होई. आपल्याला ही गल्लत सांगावी लागत नाही. आपल्याकडच्या १९९१ च्या नियमांत डी.फार्म., म्हणजे फार्मसीची पदविका, झालेल्याने ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण निदान तीन महिन्यांत पुरं करायचं, त्यातले २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरची औषधं देण्यात घालवायचे, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तासांचं कसं असतं, ते ओळखीच्या दुकानातही भरतात. कागदावर शिक्का बसला की भरले.

पुढचा टप्पा मला सगळ्यात जवळचा वाटतो. सप्टेंबर १९६६. सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या वॉर्डांशेजारीच, एक छोटी फार्मसी थाटली गेली आणि तिथे चोवीस तास फार्मासिस्ट ठेवले गेले. तोवर ते खालून औषध पाठवत. आता ते नर्सच्या टेबलाजवळ उभे होते. डॉक्टर जाता जाता विचारू लागले, हे दोन्ही एकत्र चालतील का, डोस किती देऊ. अभ्यासक्रमातून जे साधलं नसतं ते जागा बदलल्याने साधलं. समोर माणूस असला की सांगणं भाग पडतं. क्लिनिकल फार्मसीचा उगम सांगताना हा नववा मजला आजही आठवला जातो. तिथे ज्येष्ठ फार्मासिस्टांच्या बरोबरीने विद्यार्थीही होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग १९९० मध्ये हेपलर आणि स्ट्रँड या दोघांनी एका लेखात म्हटलं की औषध दिल्यानंतर रुग्णाचं जे भलंबुरं होतं त्याची जबाबदारी फार्मासिस्टने उचलली पाहिजे. आज हे साधं वाटतं. पण प्रशिक्षण आखणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. मलम घोटायला शिकवता येतं, नोंदी ठेवायला शिकवता येतं. जबाबदारी कशी शिकवणार? ती कुणीतरी तुमच्या हातात द्यावी लागते. आणि देणाऱ्याचं काही अडलंय का, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकनांनी यावर बरंच डोकं चालवलं. २००५ च्या मानकांनी रेसिडेन्सीचे दोन टप्पे स्पष्ट केले. पहिलं वर्ष सर्वसाधारण, दुसरं अतिदक्षता, कर्करोग, संसर्गजन्य रोग अशा एखाद्या शाखेचं. उद्दिष्टं लिहिली गेली, मूल्यमापनाच्या पायऱ्या ठरल्या, प्रत्येकाची प्रशिक्षण योजना दर तिमाहीला तपासून बदलायची असं ठरलं. आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. यात कागदकाम अतोनात वाढलं, आणि कागद बघून प्रशिक्षण चांगलं आहे असं समजणारे तिथेही आहेत. पण त्या सगळ्या मांडणीत शिकवणाऱ्याच्या चार भूमिका सांगितल्या आहेत, त्या मला पटतात. आधी समजावून सांगायचं, मग स्वतः करून दाखवायचं, मग सोबत राहून करून घ्यायचं, शेवटी बाजूला व्हायचं, पण हाकेच्या अंतरावर थांबायचं. गावाकडे पोहायला शिकवतात ते असंच. पाठीला डबा बांधून पोराला विहिरीत सोडायचं आणि एक दिवस त्याला न सांगता डबा काढायचा. काढणारा मात्र पायऱ्यांवर कपडे काढून बसलेला असतो.

चौथी भूमिका सगळ्यात अवघड, कारण तिच्यात शिकवणारा काहीच करताना दिसत नाही. तपासणीला आलेल्या समितीला काय दाखवणार?

दुसरी एक गोष्टही त्यांच्याकडून शिकण्यासारखी, आणि ती त्यांच्या फसलेल्या बेतातून. २००७ मध्ये रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या त्याच संघटनेने धोरण ठरवलं की २०२० पासून रुग्णाची थेट काळजी घेणाऱ्या नव्या फार्मासिस्टने रेसिडेन्सी केलेली असावी. २०२० आलं आणि गेलं, अट काही लागू झाली नाही. अर्ज करणारे वाढत गेले, जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा काही भाग मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातून रुग्णालयांना परत मिळतो, दुसऱ्या वर्षाचा सहसा मिळत नाही. कल्पना कितीही मोठी असो, तिच्या खालचा पगार कोण देतो हे विचारावंच लागतं.

आपल्याकडे हाच प्रश्न आणखी टोकदार आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर आणि उटीला, ऑस्ट्रेलियातल्या फार्मासिस्टांच्या मदतीने, फार्मसी प्रॅक्टिसचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. २००८ मध्ये फार्म.डी. आली. पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष रुग्णालयात. नियमांत त्या वर्षाला 'इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी' म्हटलंय. त्या एका 'किंवा'वर माझं लक्ष वारंवार अडकतं. सहा महिने जनरल मेडिसिन, मग तीन शाखांत दोन-दोन महिने. नेमून दिलेल्या वॉर्डात विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे सेवा द्यावी, असंही तिथे लिहिलंय. वाचायला उत्तम. पण त्याला शिकवणारी मी कॉलेजची नोकर, रुग्णालयाची नाही. रुग्णालयाचे फार्मासिस्ट खाली खिडकीवर, त्यांना वर यायला उसंत नाही. मुलांना विद्यावेतन किती आणि मिळतं की नाही, हे जागेवर अवलंबून. केस पेपरवर लिहायचा त्यांना अधिकार नाही. अशा अवस्थेत बाजूला होणं सोपं असतं; मी नसलेच तरी कुणाला फरक पडत नाही. डबा काढायचा तर आधी बांधलेला असावा लागतो.

मी नियम बदलू शकत नव्हते. वेळापत्रक बदललं. दुपारचं प्रेझेंटेशन आठवड्यातून एकदाच ठेवलं. सकाळी राउंडच्या आधी मी वॉर्डात जाऊ लागले, सुरुवातीचे काही आठवडे मीच डॉक्टरांशी बोलले, मुलं मागे उभी. मग ती बोलली, मी शेजारी. निवासी डॉक्टर पोरं चांगली असतात, पण झोप न झालेली. तीस सेकंदांत सांगता आलं नाही तर ती पुढे निघून जातात. म्हणून आम्ही तीस सेकंदांत सांगायचा सराव केला, जिन्यात, घड्याळ लावून. संदर्भ खिशात ठेवायचा, विचारला तरच काढायचा. नोंदवहीत तीन नवे रकाने आखले: कोणाला सांगितलं, किती वाजता, काय उत्तर मिळालं. गुण पहिल्या दोन रकान्यांना. तिसरा आपल्या हातात नसतो.

सहकाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "यात शैक्षणिक काय आहे?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही परीक्षकाला पटेल असं सुचत नाही.

गेल्या महिन्यातली नोंदवही परवा चाळत होते. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द 'बघतो'. कधी 'सरांना विचारून सांगतो'. एके ठिकाणी 'तू कोण?' एवढंच. एका मुलीने नऊ वाजून दहा मिनिटांना व्हँकोमायसिनच्या डोसबद्दल सांगितलं होतं आणि पुढे लिहिलं होतं: 'बघतो म्हणाले. साडेअकराला परत विचारलं. राउंडवर होते, थांबले. बदलला.' त्या दिवशी मी रजेवर होते. नोंदीखाली माझ्या सहीची जागा अजून मोकळीच आहे.