न दिसणारा दोष

एखादा दोष आपल्या अनुभवास येईनासा झाला म्हणजे तो नाहींसाच झाला असें मानण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे? तर्कशास्त्र शिकविण्यांत माझें निम्मेंअधिक आयुष्य गेलें. परंतु हा प्रश्न मला कोणत्याहि ग्रंथानें घातला नाहीं, घरच्या विजेच्या मोटारीनें घातला.

गेल्या पावसाळ्यानंतर, वेगांत असतांना ब्रेक जोरानें दाबला कीं स्टिअरिंग हातांत थरथरूं लागे. एका वर्कशॉपमध्यें 'डिस्क वांकल्या आहेत, बदलून टाका' असा निकाल मिळाला. खर्चाचा आंकडा ऐकून मीं परत आलों आणि एक सोपा मार्ग काढला. विजेच्या मोटारीचा वेग कमी करण्याचे मार्ग दोन असतात. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला कीं मोटर स्वतःच जनित्र बनते व गाडीची गति विजेच्या रूपानें बॅटरींत परत जाते, हा एक. (ही युक्ति कांहीं आजची नव्हे. १९२९ सालीं मुंबई-पुणें लोहमार्ग विजेवर आला, त्या काळची मालगाडीचीं इंजिनें, ज्यांना लोक 'खेकडा' म्हणत, घाट उतरतांना अशीच वीज तारेंत परत देत असत.) दुसरा मार्ग जुनाच : लोखंडी डिस्कवर दोहों बाजूंनीं पॅड दाबावयाचे व घर्षणानें चाक थांबवावयाचें. मीं पहिल्याचा जोर पूर्ण वाढवून ठेवला. दुसऱ्याची गरज क्वचितच लागूं लागली, आणि थरथर थांबली. चार महिने सुखानें गेले.

पुढें आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण सहकाऱ्यांनीं ती मोटार विकत घेण्याची इच्छा दर्शविली. विचारलें तर खोटें बोलावयाचें नाहीं, एवढ्यावर माझ्या विवेकबुद्धीचें समाधान झालें होतें. शहरांत जी थरथर कधीं जाणवतच नाहीं, ती आपण होऊन कशाला सांगावयाची? जो दोष कोणास बाधत नाहीं त्यास दोष तरी कां म्हणावें? असा युक्तिवाद एखाद्या विद्यार्थ्यानें माझ्यापुढें मांडला असता तर त्यास मीं बरे गुण दिले असते.

सौदा ठरावयाचा त्या दिवशीं ते सहज म्हणाले, "आईवडील पांचगणीस असतात. रात्रीं तेथेंच गाडी चार्ज करून ठेवूं, म्हणजे सकाळीं मुलांना घेऊन निघतां येईल." हें ऐकलें आणि माझा युक्तिवाद डळमळला. बॅटरी पूर्ण भरलेली असली म्हणजे तींत आणखी वीज मावत नाहीं. मोटरची रोखण्याची शक्ति त्या वेळीं फारच कमी होते. पसरणीचा घाट उतरून वाईस येईपर्यंत पावणेसहाशें मीटरांच्या आसपास खालीं यावें लागतें. माणसांसह सोळाशें किलो वजनाची गाडी एवढी उतरली म्हणजे सुमारें अडीच युनिट ऊर्जेची विल्हेवाट लागावयास हवी, आणि त्या सकाळीं तिचा मोठा भाग त्या डिस्कांवरच पडणार. ज्या साधनास मीं चार महिने रजा देऊन ठेवली होती, नेमकें तेंच तेथें कामास यावयाचें होतें.

मग मात्र मीं वर्गांत सांगतों तो अन्वयव्यतिरेक स्वतःसाठीं वापरला. निर्मनुष्य सरळ रस्त्यावर केवळ मोटरच्या रोधानें वेग कमी केला : थरथर नाहीं. गिअर 'न्यूट्रल'वर ठेवून, म्हणजे मोटरचा रोध काढून, तोच वेग नुसत्या ब्रेकनें उतरविला : थरथर हजर. अर्थात् टायरचा किंवा चाकाच्या तोलाचा हा अपराध नव्हता. दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींनीं चाक काढून डिस्कवर डायल गेज लाविला. डिस्क वांकलेली नव्हतीच. हब व डिस्क यांच्या सांध्यांत गंजाचा पापुद्रा धरला होता, त्यामुळें ती किंचित् तिरकी बसली होती. तिरकी डिस्क प्रत्येक फेऱ्यास पॅडला एकाच जागीं घासते, तेथें झिजते, आणि तिची जाडी असमान होते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावयाचा, केसाच्या जाडीहूनहि कमी. पण हातास तो बरोबर कळतो. त्यांतून ब्रेक वापरांत नसला कीं डिस्कचा पृष्ठभागहि गंजतो व नेहमींच्या घर्षणानें जो साफ व्हावयाचा तो होत नाहीं. फोक्सवॅगननें आयडी-३ या मोटारीच्या मागच्या चाकांना बंदिस्त ड्रम ब्रेक दिले आहेत, ते पाहून पुष्कळांनीं नाक मुरडलें. मला त्यांत शहाणपण दिसतें.

मिस्त्रींनीं हब घासून स्वच्छ केला, डिस्क लेथवर साफ करून तिची जाडी मर्यादेंत असल्याची खात्री केली, नट समोरासमोरचे घेत टॉर्क पान्यानें सारखे आवळले. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोरानें अनेकदां ब्रेक लावून, मध्यें थंड होऊं देऊन, पॅड बसविले. नवी डिस्क त्याच गंजावर बसविली असती तर तीहि कांहीं हजार किलोमीटरांत थरथरूं लागली असती. पहिल्या निदानानें मला केवळ थोडी मुदत विकत मिळाली असती. आणि माझ्या युक्तीनें ती फुकट मिळत होती, एवढाच काय तो फरक.

सहकाऱ्यांना मीं सर्व हकीकत सांगितली, बिल दाखविलें, वाटल्यास गाडी नाकारा असेंहि म्हटलें. त्यांनीं बिल शांतपणें वाचलें. गाडी घेतों म्हणाले. मग थोडें संकोचून विचारलें, "सर, हे चार महिने गाडी घरीं कोण चालवीत होतें?"

"बहुतकरून माझी मुलगी," मीं म्हणालों.

त्यांनीं बिलाची घडी घातली व तें खिशांत ठेवलें.