भयाचे माप

आमच्या कमरीपेठेला जुनी हुबळी काही परमुलूख नव्हे. 16 एप्रिल 2022 च्या रात्री समाजमाध्यमावरील एका मजकुराचे निमित्त होऊन तेथील पोलिस ठाण्यावर जमाव चालून गेला, दगडफेक झाली, पोलिस जखमी झाले. पुढे शंभराहून अधिक माणसे पकडली गेली, तेव्हा आम्हांस हायसे वाटले, हे प्रथम कबूल केले पाहिजे. भ्यालेला मनुष्य कायद्याचे कलम विचारीत नाही. दाराला कडी लागली की त्याला पुरे होते.

परंतु भीती ओसरल्यावर विचार करणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. दगड मारणाऱ्यास शिक्षा व्हावी, याविषयी दुमत नाही. त्यासाठी दंगलीची व हल्ल्याची कलमे होतीच. या प्रकरणात मात्र बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदाही लावण्यात आला. 1967 च्या या कायद्याला 2008 मध्ये जी धार चढवली गेली, तिच्यामुळे आरोपपत्राविना 180 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येते, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाकारावा लागतो. म्हणजे ज्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे, त्याची शिक्षा आधीच सुरू होते. येथील काही आरोपींना 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला. तोवर दोन वर्षे जाऊ घातली होती.

कठोर कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले व सुमारे 190 माणसे घरी परतली नाहीत. ज्याचा जीवच सुरक्षित नाही, त्याला स्वातंत्र्याचे प्रवचन काय कामाचे? प्रश्न रास्त आहे. पण त्याच खटल्याची पुढची गोष्टही ऐकली पाहिजे. खटला मकोकाखाली चालला. या कायद्याने वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब पुरावा ठरतो. सामान्य कायद्यात तो ठरत नाही. 2015 मध्ये बारा जण दोषी ठरले, पाचांना फाशी सुनावली गेली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून साऱ्यांना निर्दोष सोडले. त्यांतला एक तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यास मनाई केली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा आत धाडले नाही.

अखेरचा निर्णय काय लागेल तो लागो. एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या आप्तांना 'हे कोणी केले?' याचे निःशंक उत्तर मिळालेले नाही, एवढे तरी खरे. म्हणून एका पारड्यात सुरक्षितता व दुसऱ्यात स्वातंत्र्य, हा नित्याचा तराजू आम्हांस फसवा वाटतो. कबुलीवर विसंबण्याची मुभा मिळाली की तपासाचे कष्ट सुटतात. आणि चुकीचा मनुष्य आत गेला तर खरा गुन्हेगार बाहेर राहतो. आरोपीचे हक्क हा निर्दोषांचा आधार आहेच; किंबहुना मृतांना न्याय मिळण्याचा मार्गही तोच आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. ऑक्टोबर 2024 मध्ये कर्नाटक सरकारने जुन्या हुबळीच्या प्रकरणासह 43 खटले मागे घेण्याचे ठरवले. मे 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. काहींना सरकारचे पाऊल उदार वाटले, काहींना लांगूलचालन. आमच्या मते ज्या रोगाने एका रात्रीत दगडफेकीला दहशतवाद म्हटले, त्याच रोगाचे हे दुसरे लक्षण. राज्यकर्त्याच्या मर्जीने लागणारा व मर्जीने उठणारा कायदा हा कायदा नव्हे. ती कृपा वा अवकृपा होय. आरोप फाजील असेल तर तो न्यायालयात गळून पडावा, मंत्रालयात नव्हे.

मराठी माणसाला हा धडा नवा नाही. 1897 मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारने नातू बंधूंना 1827 च्या एका जुन्या नियमाखाली खटल्यावाचून डांबले. त्या सरकारलाही भय वाटत होते, आणि त्यालाही ते उपाय सुरक्षिततेचेच वाटत होते.

मग कठोर कायदा नकोच काय? असे आम्ही म्हणत नाही. त्याची व्याख्या आटोपशीर असावी, खटला लवकर चालावा, आणि विलंब झाल्यास त्याचे ओझे आरोपीने वाहू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये नजीब यांच्या प्रकरणात हेच सुचवले आहे : खटला रेंगाळला तर जामिनावरील बंदी घटनेच्या आड येऊ शकत नाही.

शेवटी कसोटी एकच. ज्या पक्षाचा आपणांस तिटकारा आहे, त्याच्या हाती उद्या हा कायदा गेला तर आपण निर्धास्त झोपू काय? उत्तर 'नाही' असेल, तर शेजाऱ्याच्या दारावर आज पडणारी थाप ऐकून हायसे वाटून घेण्याचा अधिकार आपणांस नाही. आम्हांसही त्या रात्री तो नव्हता.